आडव्या काड्यांची बाजू

ट्रसचं गणित आलं की आपण आधी झिरो फोर्स मेंबर शोधतो आणि खुशाल त्यांच्यावर काट मारतो. मार्क मिळतात. हाडाला मात्र ही काट मान्य नाही!

मणक्याचं हाड आतून भरीव नसतं, स्पंजासारखी जाळी असते. वजनाच्या दिशेने उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक आडव्या काड्या. भार मुख्यतः उभ्या पट्ट्या घेतात, म्हणून कौतुकही त्यांचंच.

2019 साली अमेरिकेत कॉर्नेल, पर्ड्यू वगैरे विद्यापीठांतल्या संशोधकांनी ही जाळी एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. तेव्हा नुकसान आधी आडव्या काड्यांत झालं. स्वतः तुटून त्या उभ्यांना वाचवत होत्या. मग तशाच जाळ्या थ्रीडी प्रिंट करून आडव्या काड्या साधारण 30 टक्के जाड केल्या, तर फटीग लाइफ 100 पटींपर्यंत वाढलं. वजन मात्र फारसं वाढलं नाही.

म्हातारपणी हाड विरळ होतं तेव्हा मणक्यातल्या आडव्या काड्याच जास्त जातात. मित्रांनो, ऑयलर आठवा : मधला आधार गेला, कॉलमची मोकळी लांबी दुप्पट झाली, की क्रिटिकल लोड चौथ्या हिश्श्यावर येतो. आजी कधी पडली नसेल, तरी तिचा मणका दबतो तो असा. आणि हाडाच्या घनतेचा रिपोर्ट हाड किती उरलंय ते सांगतो, कोणत्या काड्या उरल्यात ते नाही.

आता आपलं बघा. लॅटिसचा प्रोजेक्ट म्हटलं की सॉफ्टवेअरला एक स्टॅटिक लोड द्यायचा, ते 'बिनकामाच्या' काड्या खाऊन टाकतं. मग यूटीएमवर एकदा दाबायचं, ग्राफ चिकटवायचा, सबमिशन ओके. पण तो ब्रॅकेट उद्या पुण्याच्या स्पीडब्रेकरवरून रोज जाणार आहे, त्याचं काय? एआरएआयच्या टेकडीवर गाड्यांचे पार्ट लाखो वेळा हलवून तपासतात, ते काय हौस म्हणून?

वेळ लागतो, हे कबूल. प्लॅस्टिकचा नमुना भराभर दाबला तर तापतो, म्हणून सावकाशच दाबावा लागतो. एका टेस्टला रात्र जाते. तरी प्रत्येक ग्रुपने दोनच नमुने करावेत, एकात आडव्या काड्या जाड, आणि मशीनला लावावेत. सरांनी फक्त लॅबची किल्ली रात्री रेक्टरकडे ठेवावी. जागायला आम्ही आहोतच, नाहीतरी हॉस्टेलवर दोनच्या आधी झोपतं कोण?