ब्रेड हौसेचाच असू दे!

मैत्रिणींनो, फ्रेंच ब्रेड घरी करायची हौस आता गावोगावी पोचली आहे. मलाही ती आहे. साहित्य चारच: अर्धा किलो मैदा, सव्वातीनशे मिली पाणी, दहा ग्रॅम मीठ, चमचाभर यीस्ट. तूप-साखर काही नाही. पीठ सावकाश फुगू द्यायचं, लांबट वळायचं, वर ब्लेडने चिरा द्यायच्या. कडक तापलेल्या ओव्हनमध्ये गरम पाण्याची ताटली ठेवून भाजायचं. त्या वाफेनेच वरची साल छान कुरकुरीत होते.

पण गंमत अशी, की खुद्द फ्रान्समध्ये हा ब्रेड घरी क्वचितच करतात. जवळच्या बेकरीतून ताजा आणतात. 'पारंपरिक फ्रेंच ब्रेड' म्हणून विकायचा तर पीठ गोठवायचं नाही, असा तिथे १९९३ पासून सरकारी नियमच आहे. २०२२ मध्ये युनेस्कोने तिथल्या बगेत ब्रेडची कला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवली. म्हणजे रोजचा घास विकतचा, तरी परंपरा शाबूत!

आपल्याकडे मात्र पोळ्या विकत आणल्या की लगेच, "घरच्याची सर नाही हो!" दोन वेळच्या पोळ्या आहेतच, त्यात आता घरच्या ब्रेडची सक्ती नको. हौस असेल तर जरूर करा. पण "शेजारच्या वहिनी करतात, तुला काय झालं?" असं कुणी म्हणालं, तर पिठाची परात खुशाल त्याच्याचपुढे सरकवा!