दिवा न विझणारा

एअरबॅगचा दिवा सतत पेटलेला राहिला की बल्बच काढून टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. आम्हां सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, एरर मेसेज पुसायचा आणि बग सुटला म्हणायचं!

चावी फिरवल्यावर हा दिवा काही सेकंद लागून विझतो. विझला नाही, तर यंत्रणेला कुठेतरी बिघाड सापडलाय आणि अपघातात एअरबॅग उघडेलच याची खात्री उरलेली नाही.

कारापूरला मामांच्या जुन्या पिकअपमध्ये हेच झालं होतं. साध्या ओबीडी ॲपवर काहीच दिसेना, कारण तसली ॲप्स बहुधा इंजिनचेच कोड वाचतात. एअरबॅगचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यावर बोट ड्रायव्हरच्या सीटखाली गेलं. तिथल्या पिवळ्या कनेक्टरच्या पिना काळवंडल्या होत्या. सीट मागेपुढे सरकते, खाली छत्री-बाटल्या कोंबलेल्या, त्यात आमचा पाऊस आणि ओले पाय! दुसरा नेहमीचा संशयित म्हणजे स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग, एअरबॅगला जोडणारी गुंडाळलेली चपटी केबल. हॉर्नही मधूनच बंद पडत असेल तर आधी तीच बघायची.

हे काम मात्र जाणकारालाच द्या. बॅटरी काढल्यावरही यंत्रणेत काही मिनिटं चार्ज उरतो, आणि एअरबॅगला मल्टिमीटर लावला तर ती तोंडावर फुटू शकते.

जुनी गाडी घेताना चावी फिरवून बघा. दिवा लागलाच नाही, तर आधीच्या मालकाने बल्ब काढला असेल.