आजीच्या अंगणातली शाळा

परवा झरी जामणीच्या बाजारात एक कोलाम आजी नातीशी कोलामीत बोलत होती. नात मात्र लाजून मराठीत उत्तरं देत होती. आश्रमशाळेत शिकणं मराठीतून. घरची भाषा कानावर पडते ती सुट्टीत पोडावर आल्यावरच.

आयर्लंडमध्ये हीच उन्हाळ्याची सुट्टी कामी लावतात. शहरातली मुलं-मुली आयरिश बोलणाऱ्या गावांत दोन-तीन आठवडे राहतात. वर्ग असतातच, पण जेवताखाता बोलायला लावते ती घरधनीण. त्यासाठी सरकार तिला अनुदान देतं.

२०११ च्या जनगणनेत कोलामी बोलणारे सव्वा लाखावर होते. म्हणजे शिकवणाऱ्या आज्या आहेत, मैत्रिणींनो! त्यांना मानधन देऊन अंगणात वर्ग का भरू नये? ज्या बोलीचे चार पैसे आजीच्या हाती येतील, ती बोलताना नात कशाला लाजेल?