घरातला प्रश्न सभागृहात का नको?

आजऱ्यासारख्या गावात विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या वर्गात एखादा चित्रपट दाखवावा, असे कोणी सुचविले की ठरलेला आक्षेप पुढे येतो. संतांचे चरित्र दाखवा, फातिमाची कथा दाखवा. नवरा-बायकोच्या भानगडी चर्चच्या आवारात कशाला? हा आक्षेप आम्हांस मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगण्यासाठी आम्ही स्मिता तळवलकर यांचे उदाहरण घेतो.

मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणाऱ्या या बाईंनी १९८९ मध्ये ‘कळत नकळत’ची निर्मिती केली. दिग्दर्शन कांचन नायक यांचे. दुसऱ्या स्त्रीत गुंतलेला नवरा, दुखावलेली पत्नी आणि या दोघांमध्ये सापडलेली मुले, एवढाच ऐवज. मराठी पडद्यावर तेव्हा विनोदी धांदलीची चलती होती आणि पैसा कोठे लावावा, याचे गणित सर्व निर्मात्यांना पाठ होते. बाईंनी तो घराच्या चार भिंतींवर लावला. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुढे काही वर्षांतच ‘सवत माझी लाडकी’च्या निमित्ताने त्या स्वतः दिग्दर्शनाकडे वळल्या. गाठ तीच: संसारी पुरुष आणि दुसरी स्त्री. परंतु निर्माती म्हणून जी गाठ दुसऱ्याच्या हाती सोपविली होती, ती स्वतःच्या हाती येताच निराळी सुटू लागली. नीना कुळकर्णी यांची पत्नी कोपऱ्यात रडत बसत नाही. ती त्या दुसरीलाच घरात आणते आणि संसार म्हणजे काय, हे तिला रोजच्या व्यवहारातून दाखवून देते. प्रेक्षक हसतो खरा, पण हसू कोणाच्या अंगावर येते हे घरी जाताना प्रत्येक नवऱ्याला कळते.

‘पैसे घालणाऱ्याने पैसे घालावेत, कलेत लुडबुड करू नये,’ असे म्हणणारेही आहेत. आम्हांस उलट वाटते. डब्यात पीठ किती उरले हे जिला ठाऊक, तीच थोडक्यात चार माणसांचे पान मांडू शकते. शिवाय बाईंना दिग्दर्शनाच्या खुर्चीचा हव्यास होता, असेही दिसत नाही. मुलांच्या सोयीपायी उतारवयात एकमेकांपासून दुरावणाऱ्या पती-पत्नीची कथा, ‘तू तिथे मी’ (१९९८), त्यांनी पुन्हा संजय सूरकर यांच्याकडे सोपविली. २०१४ मध्ये त्या निवर्तल्या.

आपला कोल्हापूर जिल्हा चित्रपटाचे माहेरघर. बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी येथेच उभी केली. आपल्याला मात्र घोडे आणि तलवारीच आठवतात. त्याच पेंटरांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’मध्ये कर्जाने नागवलेला शेतकरी दाखविला होता, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

आणि व्हॅटिकनचे काय? १९९५ मध्ये, चित्रपटाला शंभर वर्षे झाली तेव्हा, तेथून ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी निघाली. त्यात पोलंडच्या किस्लोवस्कींची ‘डेकालॉग’ ही दहा आज्ञांवरची मालिका आहे. तिच्यात व्यभिचार आहे, संशय आहे, खोटेपणाही आहे. रोमला ज्याची भीती वाटली नाही, त्याने आजऱ्यात कोणाचा विश्वास ढळणार?

आपल्याकडचे कित्येक पुरुष मुंबईला आणि आखातात नोकरी करतात. लग्नानंतर महिन्याभरात जाणारा नवरा आणि सासरी राहणारी नवी सून, या दोघांना एकमेकांशी काय बोलावे हे कोण शिकविते? ते प्रश्न कुमसाराच्या जाळीपाशी पोचतात तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो.

लहान मुलांना त्या दिवशी बसवू नये, हे आम्हांस मान्य आहे. वर्गातल्या जोडप्यांना मात्र एका रविवारी संध्याकाळी ‘कळत नकळत’ अवश्य दाखवावा, नंतर दिवे लावून त्यांनाच बोलू द्यावे. धर्मगुरूंनी शेवटी बोलावे, आधी नव्हे.