कानाला झेपेल, डोक्याला शोभेल

दहावीचा निकाल जवळ आला की काका, मामा, मावशी, आत्या सगळ्यांना एकच प्रश्न पडतो: पोराला द्यायचं काय? कपड्यांत माप चुकतं, त्याहून जास्त आवड चुकते. घड्याळाची गरज फोनने संपवली. हेडफोन मात्र हमखास वापरले जातात, म्हणून मे-जूनमध्ये आणि पुन्हा भाऊबीजेच्या सुमाराला या सदराकडे त्याबद्दल विचारणा होते. बजेट बहुतेकांचं दीड ते चार हजारांच्या मधलं. सोबत बऱ्याचदा एक वाक्य असतं: दिसायला कसेही असोत, आवाज चांगला हवा. माझं या वाक्याशीच भांडण आहे.

सोळाव्या वर्षी हेडफोन अंगावर घालायची वस्तू असते. क्लासला जाताना गळ्यात, कट्ट्यावर बसताना मानेवर, घरी अभ्यासाला बसताना कानावर. ती मित्रांसमोर घालायला लाज वाटली, तर आतला आवाज कितीही उत्तम असो, आठवड्याभरात ती कपाटात जाते आणि मुलगा पुन्हा शंभर रुपयांचे जुने इअरफोन कानात खुपसतो. दिसणं महत्त्वाचं असतं हे कंपन्यांना फार पूर्वी कळलं. १९७९मध्ये सोनीने वॉकमन आणला तेव्हा सोबत जेमतेम पन्नास ग्रॅमचे हेडफोन दिले. तोवर हेडफोन म्हणजे घरात बसून ऐकायचं जड प्रकरण होतं, ते रस्त्यावर आलं. २००१च्या आयपॉडने पांढऱ्या वायरची ओळख निर्माण केली. २००८मध्ये बीट्सचे हेडफोन आले, आणि सहाच वर्षांनी अ‍ॅपलने ती कंपनी तीन अब्ज डॉलरला घेतली. त्या किमतीत आवाजाइतकाच, कदाचित थोडा जास्तच, वाटा दिसण्याचा होता. आपल्याकडे अमन गुप्ता आणि समीर मेहता यांच्या बोट कंपनीने २०१६नंतर हेच हेरलं: हजार-दीड हजारात रंग द्या, तरुण पोरं घेतील. पोरांनी घेतले.

म्हणून पहिला सल्ला असा, की रंग मुलांनाच निवडू द्या. भेटीतली गंमत जाईल ही भीती सोडा. दोन-तीन मॉडेल तुम्ही पक्की करा आणि त्यातलं कोणतं, कोणत्या रंगात, हे त्यांना ठरवू द्या. मुलगी आहे म्हणून गुलाबी किंवा जांभळा घेऊन जाऊ नका. काळा मॅट रंग मागणाऱ्या कितीतरी मुली आहेत, आणि फिकट निळा हवा असलेले मुलगेही.

रंगानंतर डोकं. चष्मा असलेल्या मुलाला कानावर टेकणारे, म्हणजे ऑन-इअर हेडफोन तासाभरात टोचू लागतात, कारण गादी कान चष्म्याच्या काडीवर दाबते. कान पूर्ण झाकणारे, ओव्हर-इअर, त्याला बरे. कानात कुडी किंवा बाळी घालणाऱ्या मुलीला फिरकी मागून रुतते. तिलाही ओव्हर-इअरच, आणि तेही खोल कपाचे. घट्ट वेणी किंवा वर बांधलेला अंबाडा असेल तर डोक्यावरची पट्टी नीट बसत नाही, हे दुकानात घालून बघितल्याशिवाय कळत नाही. वजनही हातात घेऊन पाहा. सोनीचा डब्ल्यूएच-सीएच५२० साधारण १४७ ग्रॅमचा आहे, आणि रात्री दोन तास घातल्यावर त्या हलकेपणाची किंमत कळते.

आता ज्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे तो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२मधल्या सांगण्यानुसार बारा ते पस्तीस वयोगटातल्या एक अब्जाहून अधिक तरुणांच्या ऐकण्याला मोठ्या आवाजाचा धोका आहे. संघटनेने घालून दिलेली मर्यादा अशी: मोठ्या माणसाने आठवड्याला चाळीस तास ऐकायचं तर आवाज ८० डेसिबलच्या आत, मुलांसाठी ७५च्या आत. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८० डेसिबलला चाळीस तास, ८३ला वीस, आणि नव्वदपर्यंत गेलात की आठवड्याला जेमतेम चार तास. चार तास म्हणजे रोजच्या क्लासच्या प्रवासाइतकेही नाहीत. आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केसपेशी आवाज पकडतात त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. पोरांना हे घाबरवून सांगायची गरज नाही, पण सांगायला हवं.

मुलं आवाज वाढवतात ती हौसेपेक्षा गरजेपोटी जास्त. एसटीच्या इंजिनाचा घरघराट, लोकलचा खडखडाट, स्वारगेटच्या चौकातले हॉर्न यांच्यावरून गाणं ऐकू यायचं तर बोट आपोआप वरच्या बटणाकडे जातं. म्हणून हेडफोन बाहेरचा आवाज किती अडवतात हा प्रश्न थेट कानाच्या आरोग्याचा आहे. घरी बसून ऐकणाऱ्याला हलका ऑन-इअर पुरेसा. रोज तासभर प्रवास करणाऱ्याला कान नीट झाकणारा, गादीचा, किंवा बरोबर मापाच्या रबरी टोप्यांचा इअरफोन द्या, म्हणजे कमी आवाजातही त्याचं भागेल. तपासायची रीत सोपी आहे. हातभर अंतरावरच्या माणसाचं नेहमीचं बोलणं ऐकूच येत नसेल, तर आवाज खूप आहे. फोनमध्ये कमाल आवाजाला मर्यादा घालायची सोय असते. आयफोनमध्ये आहे, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही आहे. ती मुलासमोर, त्याला समजावून लावा. गुपचूप लावलेली मर्यादा तो दोन दिवसांत शोधून काढेल, आणि मग पुढचं काही ऐकणार नाही.

इथे नॉइज कॅन्सलिंगची गोष्ट येते. बोस कंपनी काढणाऱ्या अमर बोस यांना ही कल्पना १९७८मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानात सुचली: बाहेरच्या आवाजाच्या लहरीला उलटी लहर सोडायची आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतील. ही विद्या विमानाच्या किंवा एसीच्या एकसुरी घुमण्यावर उत्तम चालते. अचानक वाजणाऱ्या हॉर्नवर किंवा शेजारच्या गप्पांवर तितकी नाही. दोन हजारांच्या हेडफोनवर हे शब्द छापलेले असले तर त्यासाठी पाचशे रुपये जास्त मोजू नका. तेच पैसे चांगल्या गादीत घाला. आणि रूळ ओलांडताना, रस्त्यावर चालताना, सायकलवर, हेडफोन गळ्यात. घरातल्या मोठ्यांनी स्वतःही हे पाळलं तर सांगायला जोर येईल.

बॅटरीचे आकडे मोठमोठे छापलेले असतात. सीएच५२० पन्नास तास सांगतो, जेबीएलचा ट्यून ५२०बीटी सत्तावन्न, बोटचा जुना आणि स्वस्त रॉकर्झ ४५० पंधरा. पंधराही रोजच्या वापराला पुरतात, रात्री चार्ज केला की झालं. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो वायरचा खड्डा. सोनीच्या आणि जेबीएलच्या त्या दोन्ही मॉडेलना वायर लावायची सोयच नाही, रॉकर्झ ४५०ला आहे. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो. गाण्यात ते जाणवत नाही, पण गेम खेळणाऱ्या पोराला बंदुकीचा आवाज मागाहून आलेला लगेच कळतो आणि तो चिडतो. शिवाय आत बसवलेली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. वायर लागत असेल तर त्यानंतरही हेडफोन चालतात. लॅपटॉप आणि फोन दोन्हींना एकाच वेळी जोडला जाणारा हेडफोन मात्र अभ्यासाच्या दिवसांत खरोखर सोयीचा. सीएच५२०मध्ये ते आहे.

कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी गादीचं कातडं बघून घ्यावं. खरं तर ते कातडं नसतं, पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. दमट हवेत, घामाने आणि डोक्याच्या खोबरेल तेलाने तो सोलवटतो. एका पावसाळ्यानंतर मुलाच्या कानामागे काळे पापुद्रे चिकटलेले दिसतात ते यामुळेच. वापरून झाल्यावर सुक्या फडक्याने पुसणं आणि पिशवीत कोंडून न ठेवणं एवढं केलं तरी आयुष्य वाढतं. निघणाऱ्या, बदलता येणाऱ्या गाद्या असतील तर दुसऱ्या वर्षी नव्या घालता येतात. विकत घेताना हा प्रश्न दुकानदाराला विचाराच. फार कमी लोक विचारतात.

आवाज तपासायला शोरूममधलं त्यांचं गाणं नको. स्वतःचं घेऊन जा. मी "सैराट"मधली गाणी लावते, कारण त्या चित्रपटाचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाला होता आणि त्यात व्हायोलिनचे थर एकमेकांवर चढवलेले आहेत. स्वस्त हेडफोनमध्ये ढोलाचा दणका भरपूर असतो आणि त्याखाली व्हायोलिन बुडून जातं. त्यानंतर एखादं तबल्याचं वादन. डग्ग्याचा घुमारा आणि चाटीवरचा टणत्कार वेगवेगळे ऐकू आले तर हेडफोन बरा. नुसताच धम्म धम्म ऐकू आला तर पुढचं मॉडेल मागा. खोक्यावर आतल्या स्पीकरचं माप म्हणून छापलेल्या ४० मिलिमीटर, ५० मिलिमीटर या आकड्यांवरून आवाजाचा दर्जा ठरत नाही.

पुण्याची बुधवार पेठ असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, किंवा ऑनलाइन सेल, बनावट माल मोठ्या नावांचाच असतो. वायरलेस हेडफोन-इअरफोनला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर मानकाची खूण आणि "आर"ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून पाहता येतो. जीएसटी बिल घ्या. ऑनलाइन मागवलं असेल तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा, आणि वॉरंटीची तारीख बिलावर आहे ना ते बघा.

आता सरळ विचाराल तर सांगते. दीड हजारांच्या आसपास असतील तर रॉकर्झ ४५०सारखा, वायरही लागणारा हेडफोन; चष्मा असेल तर त्याच घरातला ओव्हर-इअर ५५०. चार हजारांपर्यंत जायची तयारी असेल आणि गेमचा नाद नसेल तर सीएच५२०. पाचशे-सातशेच असतील तर चांगल्या कंपनीचे वायरचे इअरफोन द्या, मनात कमीपणा न ठेवता. वायरचे इअरफोन तरुणांत पुन्हा मिरवले जाऊ लागलेत, ते चार्ज करावे लागत नाहीत, आणि एक कान हरवत नाही. फक्त घेण्याआधी मुलाच्या फोनला गोल खड्डा आहे की टाइप-सी, तेवढं त्याच्या आईला विचारून घ्या.