शब्दांचें कुलवृत्त : 'पगार'

गेल्या महिन्यांत आमच्या बोरीवलीच्या घरीं स्वयंपाकीणबाईंनीं "पगाराचें काय?" म्हणून विचारिलें. आठ दिवस उलटून गेले होते. "देऊं हो, आम्ही कुठें पळून जातों काय?" असें आम्हीं हंसून म्हटलें. त्या गप्प राहिल्या. शब्द मात्र आमच्या मनांत घोळत राहिला.

वाचकहो, 'पगार' अस्सल मराठी वाटतो. पण संस्कृत 'वेतना'शीं त्याचें नातें नाहीं. स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत तें क्रियापद आहे. अर्थ, देणें चुकतें करणें. वसईच्या १५३४ च्या तहानें अंधेरी-बोरीवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतची आमची साष्टी पोर्तुगिजांकडे गेली, ती मराठ्यांनीं १७३७ त घेतली. मंडपेश्वराच्या लेण्यांवरील पडकें चर्च आजहि त्या काळाची साक्ष देतें. पोर्तुगिजांच्या सहवासानें हें क्रियापद मराठींत आलें, नाम झालें, आणि 'भरपगारी', 'बिनपगारी' अशी त्याची संततीहि वाढली.

त्याचें मूळ लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणें. देणें फिटलें कीं घेणेकऱ्याचें मन शांत होतें, हा त्यांतील भाव. तेव्हां पगार ही धन्याची कृपा नव्हे. तें धन्याच्या डोक्यावरील ऋण आहे.

एवढें उमजल्यावर पुढें लिहीत बसणें शोभेना. उठून बाईंच्या हातीं पैसे ठेविले, आणि मगच हा लेख पुरा केला.