रानड्यांवाचून चाललेला वाद

चार इमलीतील दिवाणखान्यांत अर्थकारणाचा विषय निघाला की दोनच पक्ष उभे ठाकतात. एक नेहरूंच्या नियोजनाचा, दुसरा १९९१ च्या उदारीकरणाचा. एकास केन्स तोंडपाठ, दुसऱ्यास फ्रीडमन. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानड्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानाचे मात्र मराठी घरांतही कोणी नाव काढीत नाही. याचा आम्हांस खेद नव्हे, संताप येतो.

रिकार्डो, मिल यांचे सिद्धान्त इंग्लंडच्या परिस्थितीतून निघाले. ते सर्व देशांस सर्वकाळ लागू नव्हेत, हे रानड्यांनी ठणकावून सांगितले. जर्मन अर्थशास्त्रज्ञ लिस्टचा आधार घेऊन, नवजात उद्योगांस सरकारने हात द्यावा, असा पक्ष त्यांनी मांडला. १९५६ मध्ये राजधानी भोपाळला आली आणि आपल्यापैकी कित्येक कुटुंबे नागपुराहून येथे आली. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली. सरकारी भांडवल आणि ब्रिटिश कंपनीचे तंत्रसाहाय्य यांवर पिपलानीस उभा राहिलेला तो कारखाना रानड्यांच्याच वळणाचा. श्रेय मात्र आम्ही मॉस्कोला देतो!

बाजारवाद्यांची तऱ्हा निराळी नाही. २०२० मध्ये उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आली, तिचे त्यांनी स्वागत केले. २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लादले, तेव्हा मुक्त व्यापाराचे हे भक्त मूग गिळून बसले.

नियोजनवाद्यांनीही हुरळून जाऊ नये. लिस्टचे संरक्षण तात्पुरते होते. उद्योगांच्या सवलतींच्या फायली आम्ही वर्षानुवर्षे पाहिल्या. बाळ वयात आले काय, हे विचारणारा रकानाच त्यांत नसे.